मेलेल्यायचे आंगठे

त्या दिवशी डोहाच्या रेतीवर कोण कोण होतं, ते आधी सांगून टाकते. माया बा, नथ्थू. माही माय, भागरता. बाची बहीण चंद्रा आत्या. तिचा मालक त्याच बरसातीत तापानं गेलता अन् ती आमच्याच घरी राहे. पांडू बुढा, साऱ्या ढिवरपुऱ्यात, म्हणजे आमच्या मासोळी धरणाऱ्यायच्या वस्तीत, वयानं मोठा, मासोळीचे वाटे पाडाचं काम त्याचं. आमच्या शाळेचे मास्तरजी, पण ते अर्ध्यातून उठून गेले, अन् ते उठून गेले म्हणूनच पुढचं सारं झालं. ढिवरपुऱ्यातले घरटी दोन-तीन माणसं, बाया, कडेवरचे लेकरं. अन् मी, कौसल्या, तवा दुसरीत, मले घरी कौशी म्हणत. पाण्यात, पल्याडच्या दरडीखाली, दोन मोठी पाणमांजरं अन् त्यायची दोन पिल्लं. एवढे जण हजर होतो. त्या जाणत्या माणसायतली आता मी एकटीच उरली. मांजरं तर त्याच सालात संपली.

हे आता काऊन सांगून राह्यली, ते बी सांगते. मी सिंदी मेघेले लेकाच्या घरी राहते. नात ऋतुजा वर्ध्याच्या कॉलेजात जाते. मांगच्या महिन्यात मी अंगणात लसूण सोलत बसली होती, तं ती आली अन् मोबाईल माया मांडीवर ठेवला. त्यात समुद्र होता. पाणी लाल, जसं रंगाऱ्याच्या हौदातलं. माणसं कमरभर पाण्यात उभे, हातात लांब आकडे, अन् मधात काळे चकचकीत जनावरं उसळून राह्यले. "हे डॉल्फिन होय आजी," ती म्हणे, "मासा नोहे. लेकराले दूध पाजते. दरसाल यायले खाडीत कोंडते अन् मारते. ते बंद करा म्हणून अर्ज हाये, ऑनलाईन. तुहं नाव मी घातलं, तू फक्त इथी आंगठा टेकव." मी हात मांग घेतला. "काऊन वं?" ती म्हणे. मी म्हटलं, जाऊ दे. ती रागावली. "तुले दया बी नाई येत का?" म्हणे, अन् निघून गेली. मी लसूण सोलत राह्यली. दया आली होती. पण मले कागद आठवला. मंग मी तिले सांज झाल्यावर बसवलं अन् म्हटलं, घे वही. मी दुसरी शिकली, तेवढ्यानं एवढं लिहिणं होत नाई. म्हणून तोंड माहं अन् अक्षर तिचं.

आमचं गाव तळेगावच्या पल्याड, वर्धा नदीच्या काठानं. गाव वरच्या अंगाले, अन् ढिवरपुरा खाली, नदीले लागून. कुडाच्या भिंती, वर कवेलू. घरासमोर दोन बांबू रोवून त्यावर जाळं वाळत घातलेलं, अन् त्या जाळ्याचा वास घरभर, अंथरुणाले, भाकरीले, माया केसायले. शाळेत पोट्ट्या म्हणत, कौशी आली, मासोळी आली. मले त्याचं काई वाटे नाई. पायटी, उजाडाच्या आधी, बा डोंगा घेऊन जाये, तवा मी जागी असो. पहिला आवाज बाच्या खोकल्याचा. दुसरा डोंगा रेतीवरून ढकलाचा. अन् तिसरा त्यायचा. पाणमांजरायची सिटी. बारीक, लांब, जसं कोणी तोंडात गवताची काडी धरून फुकून राह्यलं. एक सिटी इकून, एक तिकून. मंग माय चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणे, "उठले तुमच्या बापाचे जावई." माय त्यायच्यावर लय चिडे. कारण होतं तसं. ती बसून बसून सुताचं जाळं इणे, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवे, अन् एका रात्री ती मांजरं त्याले हातभर भगदाड पाडून मासोळी घेऊन जात. बा हासे. तो म्हणे, "अवं, तेच मासोळी उठवून आपल्या जाळ्यात हाकलते. हाकलणाऱ्याले मजुरी नाई का द्याची?" माय म्हणे, "मजुरी द्या, पण जाळं मी नाई शिवत मंग." अन् दुसऱ्या दिवशी शिवत बसे.

खाणं म्हणसान तं ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, अन् नदीनं देल्लं ते. वायगावची हळद लावून मरळ भाजली का साऱ्या ढिवरपुऱ्यात कळे कोणाच्या घरी काय शिजून राह्यलं. बारके झिंगे माय उन्हात वाळवे अन् मडक्यात भरून ठेवे. आताही लेकाच्या घरी कधी मासोळी आणते बाजारातून, बर्फातली. मी खाते. चव नाई लागत, पण सुनेले सांगत नाई. तिनं मेहनतीनं केलं असते.

आता वाट्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाई. जाळं ओढलं का सारी मासोळी रेतीवर ओतत. पांडू बुढा खाली बसे अन् ढीग पाडे. त्याच्या आधी एक मासोळी उचलून डोहात फेके, ती मांजरायची. "पहिला त्यायचा," असं म्हणे अन् फेके. मंग घरटी ढीग. अन् ज्याच्या घरचं माणूस त्या सालात मेलं, त्या माणसाचा बी ढीग पडे. वरसी, म्हणजे वर्षाचं श्राद्ध, होयेपर्यंत तो वाट्यातून जात नसे. त्याच्या ढिगावर एक पांढरा गोटा ठेवत, म्हणजे समजे. अन् तो ढीग उचलाचा कोणी, तं घरातल्या सगळ्यात लहान हातानं. मोठ्या माणसानं मेलेल्याचा वाटा उचलला तं त्याले हाव सुटते म्हणत. म्हणून कडेवरचं लेकरू आणत, त्याचा हात मासोळीले टेकवत, अन् मंग त्याची माय पदरात भरे. मी जन्मापासून हेच पायलं. मले वाटे साऱ्या जगात असंच करत असतीन.

त्या बरसातीत ताप आला अन् ढिवरपुऱ्यातले पाच जण गेले. आत्याचा मालक गेला. अन् आमचा गोविंदा गेला, माया पाठचा, चार वर्षांचा. लेकराचा वाटा अर्धा असे. अर्धा ढीग अन् बारकासा गोटा. आता घरात लहान मीच, तं गोविंदाचा वाटा मी उचलो अन् आत्याच्या मालकाचा बी मीच, कारण आत्याले लेकरू नव्हतं. आत्या तिचा वाटा शिजवे. माय गोविंदाचा शिजवत नसे. ती माया हातातून घेये, पाण्यात घोट्याएवढी जाये अन् एकेक मासोळी लांब फेके. ते सिटीवाले येत अन् घेऊन जात. गोविंदा जिता असतानी दिवसभर काठावर बसून त्यायची सिटी काढे. त्याले जमे बी. तो फुके अन् पल्याडून उत्तर येये. माय तेव्हा ओरडे, "ये इकडं, मांजराच्या लेका." आता तीच त्यायले त्याचा वाटा देये. जाळं फाटलं तरी काई बोलत नसे. बानं हे पायलं होतं. त्यानं एकदा मले हळूच म्हटलं, "तुही माय वाटा देत असन तवा तिले हाक मारत नको जाऊ."

मंग दिवाळीच्या मांगंपुढं ते लोक आले. चार जण, एक जीप, एक तंबू. करंजाच्या झाडाखाली उतरले. त्यायचा मुकादम हिंदी बोले, तोंडात सदा पान. त्यायच्यापाशी लोखंडाचे चाप होते, दातवाले, अन् जंगलखात्याच्या साहेबाचा परवाना होता म्हणे. मांजराच्या कातड्याले दूर कुठी मोठ्या शहरात मागणी हाये म्हणे. आमच्या डोहात तवा सात-आठ मांजरं असतीन. पयल्या दिवशी त्यायनं दोन मारली. कातडं सोलून चार काड्यायवर ताणून उन्हात लावलं, जसं आमी जाळं लावत असो. मी अन् आत्या पाण्याले गेलो तं दिसलं. एका कातड्याच्या पोटाच्या जागी दूध वाळलेलं होतं, पांढऱ्या खवल्यासारखं. आत्या घागर भरता भरता थांबली. "हे पिल्लंवाली होती," म्हणे. मंग घागर भरली अन् आमी घरी आलो. त्या दिवशी मायनं रस्सा केला तो सारे खाली पाहून जेवले.

वरच्या गावातल्या काई जणायले बरंच वाटे. म्हणे बरं झालं, मांजरं गेली तं मासोळी वाढन. आमच्यातले बी दोघं जण त्यायले बिळं दाखवाले गेलते. मी त्यायले दोष देत नाई. चापात एक मांजर सापडली ते मात्र मी पायलं, अन् तिनं जी सिटी वाजवली ती गवताच्या काडीची नव्हती. ते मी सांगत नाई. ऋतुजाले बी सांगतलं नाई. तिच्या मोबाईलात आवाज बंद होता, ते बरंच होतं.

मास्तरजी आमच्याकडचे नव्हते, बदलीवर आलते. एकटे राहत. बा कधी कधी त्यायले मासोळी देये अन् ते बाले पेपर वाचून दाखवत. त्यायनंच बाले सांगतलं का असं बसून काई होणार नाही नथ्थूभाऊ, वरच्या साहेबाले अर्ज करू. परवाना त्यानं दिला, तोच काढू शकतो. "पण तुमच्या एकट्याचा अर्ज कोणी वाचणार नाही," ते म्हणाले. "अख्खा ढिवरपुरा उभा आहे असं कागदावर दिसलं पाहिजे." बा म्हणे, "मास्तरजी, आमाले लिहिता येत नाई." ते म्हणे, "आंगठा तर आहे ना?" माय दारातून म्हणे, "आंगठ्यानं का साहेब भेते?" मास्तरजी हासले. म्हणे, "एका आंगठ्याला नाही भीत वहिनी."

म्हणून तो दिवस. सारे रेतीवर बसले. मास्तरजीनं अर्ज वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं का आमी पिढ्यानपिढ्या या डोहावर जगतो, ही जनावरं आमच्या आधीपासून आहेत, आमचं त्यायच्याबद्दल गाऱ्हाणं नाही, गाऱ्हाणं चापायबद्दल आहे. लय सरळ लिहिलं होतं. पांडू बुढा म्हणे, "हे तं आपल्याच मनातलं होय गा, यायले कसं कळलं?" मंग आंगठे. शाईचा डबा वाळला होता, तं मास्तरजीनं त्यात मायच्या डबीतलं काजळ अन् जराक तेल मिसळलं. नावं त्यायनं लिहिली, अन् मी एकेकाचा आंगठा धरून त्याच्या नावापुढं टेकवत जाओ, कारण मले नावं वाचता येत. चौतीस आंगठे झाले. तेवढ्यात वर शाळेची वेळ झाली. मास्तरजी म्हणे, "कौसल्या, कागद वाळू दे, मग घडी घालून शाळेत आण." अन् गेले.

कागद रेतीवर वाळत होता, चारी कोपऱ्यायवर गोटे ठेवलेले. त्या गोट्यायकडं पाहता पाहता चंद्रा आत्या म्हणे, "अन् माया मालकाचा?"

बा म्हणे, "तो गेला ना वं बाई."

"वरसी झाली का त्याची? वाट्यात हाये तो. वाटा भेटते तं आंगठा काऊन नाई?"

कोणी हासलं नाई. हासण्यासारखं कोणाले वाटलंच नाई. सारे पांडू बुढ्याकडं पाहाले लागले. तो लय वेळ डोक्यावरचं फडकं सोडून बांधत राह्यला. मंग म्हणे, "बरोबर म्हणते ते. वाट्यात हाये तो गावात हाये. पाचायचेही घ्या." अन् मंग घरंघरचे लहाने लेकरं आले. मेलेल्याचा वाटा लहान हातानं उचलाचा, तं आंगठा बी त्याच हाताचा. नावं कोण लिहीन? मीच. मी शाळेतला टाक घेतला अन् खाली, मास्तरजीच्या अक्षरायच्या खाली, माया वाकड्या अक्षरात पाच नावं लिहिली. सीतारामबुढ्याच्या नावापुढं त्याच्या सहा महिन्याच्या नातीचा आंगठा, वाटाण्याएवढा. आत्याच्या मालकापुढं माहा. पाचवं नाव लिहाचं का नाई, म्हणून मी मायकडं पायलं. तिनं त्या दिवशीपर्यंत त्या मांजरायच्या बाजूनं एक शब्द बोलला नव्हता. ती म्हणे, "लिही. गोविंदा नथ्थू. सिटी त्यालेच येत होती." मी लिहिलं अन् आंगठा टेकवला. माहं मन इतकं हलकं झालं का काय सांगू. मी खोटं करून राह्यली असं मले एका क्षणासाठी वाटलं नाई. कागदाची घडी घालून मी शाळेत नेऊन देल्ली. मास्तरजी शिकवत होते. त्यायनं न उघडता पाकिटात घातली.

मी आताही कधी कधी त्या घडीपाशी येऊन थांबते. भाजी चिरता चिरता, नाईतं डोळ्याले झोप नसली का. मी म्हटलं असतं, मास्तरजी, खाली आमी पाच नावं वाढवली. एवढंच. पण सांगण्यासारखं काई केलं असं वाटलंच नाई तं सांगीन कशी.

महिन्याभरानं साहेब स्वतः आला. चार दिवस आधीपासून त्यानं चाप घालणं थांबवलं होतं म्हणून आमी सारे खूश. बानं नवं धोतर नेसलं. साहेब वाईट माणूस नव्हता. उन्हात उभा राहून त्यानं पाणी मागतलं, आत्यानं देल्लं, तो प्याला. ढिवरायच्या हातचं पाणी सारेच साहेब पीत नसत. मंग त्यानं अर्ज काढला अन् म्हणे, मी नावं वाचतो, ज्याचं नाव त्यानं पुढं या. तो वाची, माणूस पुढं जाये, साहेब खूण करे. मुकादम अन् त्याचे लोक बाजूले उभे. मास्तरजी साहेबाच्या मांग. चौतीस नावं झाली. बाची छाती फुगली होती. अन् मंग साहेब म्हणे, "सीताराम."

कोणी हललं नाई.

"सीताराम कोण?" साहेबानं कागद डोळ्यापाशी नेला. "या माणसाचा आंगठा एवढासा कसा? याच्यासाठीच मी आलो. कोण आहे सीताराम?"

पांडू बुढा, जो साऱ्यायच्या भांडणात बोले, त्याची जीभ उचलेना. साहेबासमोर आमच्या लोकायची जीभ अशीच होये. साहेबानं पुढचं नाव घेतलं. त्याच्या पुढची दोन घेतली. मंग म्हणे, "गोविंदा नथ्थू," अन् माही माय पुढं गेली. पदर डोक्यावर घेतला अन् म्हणे, "तो गेला जी."

"कुठं गेला?"

"बरसातीत गेला जी. तापानं."

साहेबानं अर्जाची तारीख पायली. मुकादम पान थुकून हासला. "वा रे वा साहब, इस गाँव के तो मुर्दे भी अंगूठा लगाते हैं." त्याचे लोक हासले. वरच्या गावातून पाहाले आलेले बी हासले. आत्या म्हणे, "त्यायचा वाटा हाये जी, वरसी नाई झाली." साहेब म्हणे, "कसला वाटा?" अन् त्या हासण्यात आत्याचं पुढचं कोणाले ऐकूच गेलं नाई. साहेबाचा चेहरा बदलला. त्याले वाटलं आमी त्याले फसवलं. त्यानं इचारलं, "ही खालची पाच नावं कोणी लिहिली?"

इथी लिहिणारे दोघंच होते. मास्तरजीनं कागद हातात घेतला अन् पायला. त्यायनं माहं अक्षर रोज पायलेलं, माया पाटीवर. त्यायले एका नजरेत समजलं. त्यायनं डोळे वर केले अन् मी दिसली, मायच्या मांगं. मी साऱ्यायच्या आधी बोलू शकत होती. मले साहेबाचं बोलणं समजत होतं, मले वाटा कसा पडते तो सांगता येत होता, पांढरा गोटा, लहान हात, सारं. मी सांगतलं असतं तं साहेबानं कदाचित पाच नावं खोडली असती अन् चौतीस ठेवली असती. माहं तोंड उघडं होतं. आवाज निघाला नाई. मास्तरजी म्हणाले, "अक्षर माझं आहे साहेब."

बस, एवढ्यात संपलं. साहेब म्हणे, "मास्तर, तुम्ही तरी." त्यानं अर्जाची घडी घातली. म्हणे, "एक नाव खोटं निघालं तर मी वर कोणाला काय दाखवू? सगळा कागदच गेला." त्याचं बी खरं होतं. बा हात जोडून उभा होता, ते त्याच्या जीपची धूळ बसेपर्यंत तसाच.

चाप त्याच दिवशी पुन्हा पाण्यात गेले. दहा-बारा दिवस लागले असतीन. एका पायटी बाच्या खोकल्याचा आवाज आला, डोंग्याचा आला, अन् तिसरा आलाच नाई. मी अंथरुणात पडून वाट पाहून राह्यली. माय चुलीपाशी बसली होती, ती बी ऐकत असन, कारण फुंकणी तिच्या हातात तशीच होती. तंबू उठला, ते लोक गेले. पांडू बुढ्यानं त्या दिवशी बी पहिली मासोळी उचलली, "पहिला त्यायचा" म्हटलं अन् फेकली. माय गोविंदाचा अर्धा वाटा घेऊन पाण्यात गेली. मासोळ्या पडल्या अन् तरंगत राह्यल्या. मंग कावळे आले. मायनं दोन दिवस फेकल्या. तिसऱ्या दिवशी मले म्हणे, "आजपासून तू नको उचलू," अन् रेतीवर येणं सोडलं. गोविंदाच्या वरसीले अजून लय महिने होते.

मास्तरजीची बदली झाली. कुठी, ते आमाले समजलं नाई. जाच्या दिवशी ट्रंक डोक्यावर घेऊन बा त्यायले तळेगावच्या एस्टीपर्यंत पोचवाले गेला, अन् मी मांगं मांगं. एस्टी आली तवा ते वाकले अन् मले म्हणाले, "कौसल्या, मला विचारायचं होतंस." रागानं नाई म्हटलं. गणित चुकलं का जसं म्हणत, तसं. मी मान हालवली. मी तवाही बोलली नाई. बाले आखरीपर्यंत वाटे का मास्तरजीनं खरंच ती नावं लिहिली असतीन. मी त्याले सांगतलं नाई. मायले माहीत होतं, तिच्या समोरच लिहिलं होतं. ती बी बोलली नाई. आमच्या घरी न बोलण्याची चालच होती. शाळा मंग मी सोडली. नव्या मास्तरापुढं पाटी धरवेना.

डोह आता डोह राह्यला नाई. मांगं लेकानं गाडीनं नेलतं तं पायला. रेती उपसून नेली, गाळ भरला, ढोरं पायी पल्याड जाते.

हे सारं ऋतुजानं लिहिलं अन् वही मिटली. मंग मी तिले इचारलं, "मले एक सांग. तुया त्या अर्जात एकच माणूस दोन नावानं आंगठा देऊ शकते का?" ती मोबाईल उलटापालटा कराले लागली. मी म्हटलं, "काय झालं?" तिनं मान खाली घातली. म्हणे, "आजी, मी आबाच्या नावानं बी केलं. त्यायचा नंबर चालू हाये ना अजून. मले वाटलं एक वाढन." तिचा आबा म्हणजे माहा मालक. त्याले जाऊन आठ महिने झाले. वरसी व्हाची हाये. त्या पोट्टीनं रेती नाई पायली, पांढरा गोटा नाई पायला. मी तिले रागावली नाई. एवढंच म्हटलं, "काढता येते का ते?" ती म्हणे, "पाहते." अन् तिनं त्या लोकायले लिहून आबाचं नाव काढाले लावलं. दोन दिवस लागले.

मंग मी तिले म्हटलं, आता माहं पाठव. अशा अर्जानं जनावर वाचते का, मले माहीत नाई. ऋतुजा म्हणे कधी वाचते कधी नाई, पण लय नावं झाली का मोठ्या लोकायले उत्तर द्या लागते. असन. चौतीस आंगठ्यानं साहेब स्वतः उन्हात आलता, ते मी डोळ्यानं पायलं. चार दिवस चाप थांबले होते, ते बी खरं. चार दिवस पिल्लं जगली. नाव लिहिल्यानं एवढं तं होते. पण नावाच्या मांगं माणूस उभा नसला का काय होते, ते बी मी पायलं. त्या मोबाईलात एक चौकोन होता. तुमी हे काऊन करता, ते तिथी लिहा, असं होतं. ऋतुजा म्हणे, सोड, रिकामा ठेवला तरी चालते. मी म्हटलं, नाई, लिही: "एकदा मी हजर होती अन् बोलली नाई." तिनं लिहिलं. मंग मी आंगठा टेकवला. शाई नाई, काई नाई, काचेवर थंड लागलं.

तुमी हे वाचून राह्यले, तुमाले एवढंच मागणं हाये. असा अर्ज आला तं नाव घालजा. आपलंच घालजा, जित्याचं, एकच खेप. अन् उद्या कोणी त्या कागदावरून तुमचं नाव वाचलं, तं पुढं येजा अन् बोलजा.